लिनक्सवर लॅपटॉपचा आवाज गेला तर: खालच्या थरापासून शोध कसा घ्यायचा

लिनक्स टाकलं, वायफाय लागलं, टचपॅड चालतोय, स्क्रीनही झकास दिसतेय. व्हिडिओ लावला तर मात्र आवाजाचा पत्ता नाही. अशा वेळी जो तो नेटवर शोधतो, सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतो, ती लागू पडली नाही की दुसरी, मग तिसरी. तासाभराने आवाज तर आलेला नसतोच, शिवाय मुळात काय बिघडलं होतं आणि आपल्या हाताने काय बिघडलं, हेही वेगळं काढता येत नाही.

लिनक्समध्ये आवाज एकावर एक रचलेल्या थरांतून स्पीकरपर्यंत पोहोचतो. त्यातला कुठला थर मुका आहे ते आधी ठरवायचं आणि मग तिथेच हात घालायचा. एका वेळी एकच बदल, आणि तो कुठेतरी लिहून ठेवायचा. एवढं पाळलं तरी निम्मी डोकेदुखी वाचते.

कमांडबद्दल एक खुलासा. इथे त्या देवनागरीत, बोलताना म्हणतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा. कॅपिटल हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे. स्पेलिंगबद्दल शंका असेल तर पहिली तीन-चार अक्षरं लिहून टॅब दाबा, बाकीचं टर्मिनल पूर्ण करतं.

टर्मिनल उघडण्याआधी

हसू येईल, पण म्यूटचं बटण आधी बघा. कीबोर्डवरच्या म्यूट बटणाचा दिवा आणि स्क्रीनवरचं चिन्ह यांचं लिनक्समध्ये नेहमी जुळतंच असं नाही, म्हणून दिव्यावर विसंबू नका. सेटिंग्जमधल्या साउंडच्या पानावर जाऊन आउटपुट कुठे जातंय ते वाचा. तिथे एचडीएमआय निवडलेलं असेल तर आवाज बाहेरच्या मॉनिटरकडे चाललाय, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतील तर कोण ऐकणार? ब्लूटूथ हेडफोनचंही तेच. पिशवीत चालू राहिलेला हेडफोन लॅपटॉपला गुपचूप जोडला जातो आणि सगळा आवाज पिशवीत वाजत राहतो.

प्रत्येक अ‍ॅपचा आवाजही वेगळा असतो. ब्राउझरच्या टॅबवर उजवं क्लिक करून तो टॅब म्यूट आहे का बघा. मग दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये एखादी फाइल वाजवून बघा. तिथे आवाज आला तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही, भानगड ब्राउझरपुरती आहे.

त्याच मशीनवर विंडोजही असेल तर हे करून बघाच. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं तरी मशीन खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि काही लॅपटॉपांमधली साउंड चिप त्यामुळे अर्धवट अवस्थेत अडकून राहते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मिनिटभर थांबा आणि थेट लिनक्स चालू करा. रीस्टार्ट नको, शट डाउनच. या एवढ्यानेच आवाज परत आला तर पुढची झटापट टळली.

थर कोणते आणि जुना सल्ला का टाळायचा

सगळ्यात खाली प्रत्यक्ष चिप असते. बऱ्याच लॅपटॉपांत तो रिअलटेकचा कोडेक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) असतो आणि त्याचं नाव एएलसी या अक्षरांनी सुरू होतं. त्यावर कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, ड्रायव्हर. त्यांचं नाव अल्सा; कर्नलच्या २.६ मालिकेपासून लिनक्सचा आवाज याच्याच हाती आहे. नव्या लॅपटॉपांत ड्रायव्हरच्या जोडीला फर्मवेअर नावाची एक फाइलही लागते. त्यावर साउंड सर्व्हर: अनेक अ‍ॅपचे आवाज एकत्र करणं, आउटपुट बदलणं, ब्लूटूथ सांभाळणं ही कामं त्याची. सगळ्यात वर तुमचं अ‍ॅप.

साउंड सर्व्हरची जागा बरीच वर्षं पल्सऑडिओकडे होती. आता ती पाइपवायरने घेतली आहे. डिस्ट्रोंपैकी (म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांपैकी) फेडोराने २०२१ मध्ये, ३४ व्या आवृत्तीत, हा बदल केला, उबुंटूने २२.१० पासून. पाइपवायरच्या सोबत वायरप्लंबर नावाचा एक कारभारी चालतो. कुठलं कार्ड उघडायचं आणि आवाज कुठे वळवायचा हे तो ठरवतो.

हा इतिहास सांगायचं कारण असं की नेटवर सापडणारे बरेचसे उपाय पल्सऑडिओच्या काळातले आहेत. 'पल्सऑडिओ काढून परत टाका' हा त्यातला सगळ्यात घातक. पाइपवायर असलेल्या मशीनवर तो केला की पॅकेज मॅनेजर कधी पाइपवायरचे तुकडे काढतो, तर कधी दोन्ही सर्व्हर एकाच कार्डासाठी भांडत बसतात. स्वतःला 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घाला हा सल्लाही तसाच शिळा. आजच्या डेस्कटॉपवर लॉग-इन केलेल्या माणसाला कार्ड वापरायची परवानगी आपोआप मिळते.

तुमच्याकडे कुठला सर्व्हर आहे ते 'पीएसीटीएल इन्फो' ही कमांड सांगते. उत्तरातली 'सर्व्हर नेम' ही ओळ वाचा. तिथे 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर...)' असं दिसलं तर गोंधळू नका. खरा सर्व्हर पाइपवायरच आहे, जुन्या अ‍ॅपसाठी तो पल्सऑडिओची भाषा बोलतोय इतकंच.

पहिला प्रश्न: कर्नलला कार्ड दिसतंय का?

एप्ले -एल

इथला एल लहान हवा. कॅपिटल एल दिला तर भलतीच लांबलचक यादी येते.

सगळं ठीक असेल तर 'कार्ड ०: पीसीएच, डिव्हाइस ०: एएलसी२५६ अ‍ॅनालॉग' अशा धर्तीची ओळ दिसते आणि तिच्या खाली एचडीएमआयच्या दोन-तीन ओळी. कार्डाचा आणि डिव्हाइसचा आकडा टिपून ठेवा, पुढे लागेल. कार्डाचा क्रमांक शून्यच असेल असं नाही; एचडीएमआयचं कार्ड वेगळं असेल तर शून्य त्याला आणि एक अ‍ॅनालॉगला, असंही घडतं.

इथून तीन वाटा फुटतात. अ‍ॅनालॉग किंवा स्पीकरची ओळ दिसली तर ड्रायव्हर जागेवर आहे, सरळ मिक्सरच्या भागाकडे जा. एकही कार्ड नसल्याचा संदेश आला, किंवा नुसतं एचडीएमआय दिसलं, तर खोट खालच्या थरात आहे. सेटिंग्जमध्ये 'डमी आउटपुट' दिसणं हे बहुतेक वेळा याचंच लक्षण असतं: सर्व्हरला एकही खरं कार्ड सापडलं नाही, म्हणून त्याने खोटं उभं केलं. मात्र एप्लेला कार्ड दिसतंय आणि तरीही डमी आउटपुट येतंय, असं असेल तर दोष वरच्या थराचा.

कार्ड दिसत नसेल तर

'एलएसपीसीआय -के' चालवा आणि ऑडिओ असा उल्लेख असलेली नोंद शोधा. तिच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ हवी. इंटेलच्या मशीनवर तिथे दोन प्रकारची नावं दिसतात: जुना 'एसएनडी_एचडीए_इंटेल', नाहीतर एसओएफ हा शब्द असलेला नवा ड्रायव्हर. एसओएफ म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर. डिजिटल माइक थेट इंटेलच्या चिपसेटला जोडलेले लॅपटॉप आले तसा याचा वापर वाढला, कारण जुन्या ड्रायव्हरला ते माइक दिसतच नाहीत.

आता कर्नलची नोंदवही उघडा:

जर्नलसीटीएल -के -बी

पानावर तिरकी रेघ दाबून एसओएफची तीन अक्षरं लिहा आणि एंटर करा. पुढच्या जागी जायला एन दाबा. शोधायची ती ओळ साधारण अशी असते: 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर इंटेल/एसओएफ/... फेल्ड विथ एरर -२'. उणे दोन हा आकडा म्हणजे 'फाइलच सापडली नाही'. ड्रायव्हर हजर आहे, चिपही हजर आहे, फक्त तिला भरवायची फाइल डिस्कवर नाही. ही ओळ दिसली तर खूश व्हा, इतका स्वच्छ निदान करणारा संदेश लिनक्समध्ये रोज मिळत नाही.

उपाय एका पॅकेजचा. फेडोरावर 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर', आर्चवर 'एसओएफ-फर्मवेअर', डेबियनवर 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड'. डेबियनमध्ये ते मुख्य विभागात नसतं, त्यामुळे नॉन-फ्री-फर्मवेअरचा विभाग सुरू असायला हवा. उबुंटूमध्ये मशीन पूर्ण अपडेट केलं की बहुधा काम होतं. जोडीने 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' (फेडोरावर 'अल्सा-यूसीएम') हे पॅकेजही अद्ययावत आहे ना ते बघा. कुठल्या मॉडेलला कुठली वाट स्पीकरची आणि कुठली माइकची, याचे नकाशे त्यात असतात. मग मशीन रीस्टार्ट करा.

फर्मवेअर आहे तरीही कार्ड उठत नसेल, तर इंटेलच्या मशीनवर चाचणीपुरता जुना ड्रायव्हर सक्तीने लावता येतो. 'इटीसी'मधल्या 'मॉडप्रोब.डी' या फोल्डरमध्ये डॉट कॉन्फ असा शेवट असलेली नवी फाइल करायची आणि तिच्यात एकच ओळ लिहायची:

ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१

'डीएसपी'च्या पुढे अंडरस्कोअर आहे, डॅश नाही. एक म्हणजे जुना ड्रायव्हर, तीन म्हणजे एसओएफ, शून्य म्हणजे कर्नलने स्वतः ठरवावं. या सक्तीने स्पीकर चालू होऊ शकतात, पण लॅपटॉपचा माइक डिजिटल असेल तर तो जातो. सौदा कळून करा.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर बऱ्याचदा कर्नलच जुना पडलेला असतो. हे तपासायला काही इन्स्टॉल करायची गरज नाही. ज्या डिस्ट्रोत ताजा कर्नल असतो, उदाहरणार्थ फेडोराची चालू आवृत्ती, तिचा लाइव्ह यूएसबी लावून आवाज ऐकून बघा. तिथे वाजला तर तुमच्या सिस्टिममध्ये नवा कर्नल आणि नवं फर्मवेअर आणण्याकडे वळा, सेटिंग्जशी झुंजू नका. उलट कालपर्यंत आवाज होता आणि कर्नल अपडेट झाल्यावर गेला असेल, तर चालू होतानाच्या मेन्यूमधून आधीचा कर्नल निवडा. जुन्यावर आवाज आला की गुन्हेगार ठरला.

अल्सामिक्सर: इथे घाई करू नका

कार्ड दिसतंय पण आवाज नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिचं मूळ अनेकदा या निळ्या-काळ्या खिडकीत सापडतं. 'अल्सामिक्सर' लिहून एंटर करा. पहिल्यांदा कदाचित एक-दोनच दांडे दिसतील. लोक इथेच फसतात: ते बघतात, आवाज पूर्ण वर आहे म्हणतात आणि खिडकी बंद करतात. ते दांडे साउंड सर्व्हरचे असतात, कार्डाचे नाही. एफ६ दाबा आणि यादीतून खरं कार्ड निवडा, म्हणजे मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम असे सगळे दांडे उघडतील.

प्रत्येक दांड्याच्या तळाशी छोटी चौकट असते. तिच्यात दोन एम असतील तर तो मार्ग बंद आहे, दोन ओ असतील तर उघडा. बाणांनी त्या दांड्यावर जा आणि एम दाबून चौकट उघडा, वरच्या बाणाने पातळी वाढवा. मास्टर उघडा आणि स्पीकर बंद, ही जोडी फार वेळा दिसते.

उजवीकडे सरकत गेलात की 'ऑटो-म्यूट मोड' नावाचा पर्याय लागतो. हेडफोन खोचला की स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. पण जॅकमध्ये धूळ असेल, किंवा आतली पट्टी वाकलेली असेल, तर हेडफोन नसतानाही मशीनला तो आहे असं वाटतं आणि स्पीकर कायमचे गप्प. हा पर्याय बंद करून स्पीकर लगेच बोलू लागले तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे. हेडफोनची पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा, जॅक कोरड्या हवेने साफ करा, मग ऑटो-म्यूट परत चालू करून बघा.

एस्केप दाबून बाहेर या आणि 'सुडो अल्साक्टल स्टोअर' चालवा ('अल्साक्टल'ची शेवटची तीन अक्षरं सी, टी, एल), म्हणजे बदल पुढच्या वेळीही राहतील. खूप खेळून दांड्यांचा विचका झाला असेल तर 'स्टोअर'च्या जागी 'इनिट' लिहा, सगळं मूळ पातळीवर येतं. आणि हेही लक्षात असू द्या की साउंड सर्व्हर स्वतःही या पातळ्या हलवतो. पुन्हा पुन्हा तोच दांडा बंद होत असेल तर बंद करणारा वरच्या थरात बसलाय.

आता सर्व्हरला बाजूला ठेवून थेट कार्डावर चाचणी:

स्पीकर-टेस्ट -कॅपिटल डी प्लगएचडब्ल्यू:०,० -सी २ -टी डब्ल्यूएव्ही

कोलननंतरचे दोन आकडे म्हणजे मघाशी टिपलेले कार्ड आणि डिव्हाइस. 'फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट' असा आवाज यायला हवा. थांबवायला कंट्रोल आणि सी. 'डिव्हाइस बिझी' म्हणून नकार मिळाला तर कार्ड दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे. आवाज करणारी सगळी अ‍ॅप बंद करून दहा सेकंद थांबा, पाइपवायर रिकामं कार्ड आपणहून सोडतो. या चाचणीत आवाज आला तर खालचे सगळे थर ठणठणीत आहेत.

साउंड सर्व्हरची पाळी

सिस्टिमसीटीएल --यूजर स्टेटस पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर

तिन्हींसमोर 'अ‍ॅक्टिव्ह' दिसायला हवं. 'सुडो' लावू नका. या सेवा तुमच्या खात्याच्या आहेत, रूटच्या म्हणजे प्रशासकाच्या खात्याच्या नाहीत. एखादी पडलेली असेल तर 'स्टेटस'च्या जागी 'रीस्टार्ट' लिहून तीच ओळ चालवा. झोपेतून उठल्यावर आवाज जाणाऱ्या मशीनवर बहुतेकदा एवढ्याने भागतं.

मग 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस'. यात 'सिंक्स' या मथळ्याखाली आवाज बाहेर जायच्या जागा दिसतात. ज्याच्या पुढे चांदणी आहे तो चालू. चुकीच्याला चांदणी असेल तर हव्या त्या ओळीतला आकडा घ्या आणि 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट' लिहून पुढे तो द्या.

यादीत स्पीकर नाहीच, पण एप्लेला दिसतोय, अशा वेळी 'पाव्हूकंट्रोल' हे छोटं अ‍ॅप टाका. नाव पल्सऑडिओच्या काळातलं असलं तरी पाइपवायरवर छान चालतं, आणि माझ्या मते डेस्कटॉपच्या साउंड सेटिंग्जपेक्षा कितीतरी खरं बोलतं. शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये प्रत्येक कार्डाचं प्रोफाइल असतं. ते 'ऑफ' किंवा नुसत्या एचडीएमआयवर असेल तर 'अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स' निवडा. 'प्रो ऑडिओ' मुद्दाम हवं असल्याशिवाय निवडू नका, त्यात नेहमीच्या व्हॉल्यूमच्या सोयी जातात. 'प्लेबॅक' टॅबमध्ये व्हिडिओ चालू असताना ब्राउझरच्या नावापुढची पट्टी हलते का बघा. पट्टी हलतेय म्हणजे अ‍ॅप आवाज देतंय.

सगळं बरोबर दिसूनही निवड टिकत नसेल तर वायरप्लंबरची साठवलेली आठवण बिघडलेली असू शकते. ती होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'डॉट लोकल'च्या आत 'स्टेट' आणि त्यात 'वायरप्लंबर' अशी असते. फोल्डर पुसू नका, नाव बदला आणि तिन्ही सेवा रीस्टार्ट करा.

माइक

अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबलं की माइकचे दांडे येतात. इथे एमऐवजी स्पेसबारने 'कॅप्चर' चालू होतं. मग पाच सेकंद रेकॉर्ड करा: 'एरेकॉर्ड -डी ५ -एफ सीडी' आणि पुढे फाइलचं नाव, ऐकायला 'एप्ले' आणि तेच नाव.

एएमडी रायझनच्या काही लॅपटॉपांत माइकची नोंदच सापडत नाही. त्यांचा डिजिटल माइक चालू करायचा की नाही हे कर्नल अनेकदा मॉडेलच्या नावांच्या यादीवरून ठरवतं. यादीत तुमचं मॉडेल नसेल तर सेटिंग्जमध्ये कितीही शोधलं तरी माइक मिळणार नाही. नवा कर्नल, नाहीतर त्या यादीत नाव घालण्याची विनंती, हेच मार्ग.

आवाज येतो पण धड येत नाही

गाणं सुरू होताना टक किंवा फट असा आवाज येत असेल तर चिप वीज वाचवायला झोपतेय आणि उठताना कुरकुरतेय. 'एसएनडी_एचडीए_इंटेल' ड्रायव्हर असेल तर 'मॉडप्रोब.डी'मध्ये आधीसारखीच फाइल करून 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' ही ओळ द्या. बॅटरीवर थोडा भार पडेल.

मध्येच तडतड होत असेल तर 'पीडब्ल्यू-टॉप' चालवा आणि 'ईआरआर' हा रकाना बघत राहा. तडतडीसोबत तिथला आकडा वाढत असेल तर बफर, म्हणजे आवाज वाजण्याआधी साठवायची जागा, अपुरा पडतोय. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १०२४' या कमांडने तो तात्पुरता वाढतो. १०२४ च्या जागी शून्य दिलं की पूर्ववत.

आवाज पत्र्यासारखा पातळ, खर्ज अजिबात नाही, असं असेल तर लॅपटॉपमध्ये स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायर आहे का ते शोधा. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत सिरस लॉजिक किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची वेगळी अ‍ॅम्प्लिफायर चिप असते, आणि तिचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नसेल तर मोठे स्पीकर मुके राहून फक्त छोटे वाजतात. इक्वलायझर लावून इथे काही साधत नाही.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी सुरेख आणि कॉल लागला की आवाज डब्यातून आल्यासारखा, हा मात्र बिघाड नाही. माइक वापरायचा तर जुन्या ब्लूटूथला ए२डीपी (गाण्यांसाठीचं चांगल्या दर्जाचं प्रोफाइल) सोडून हेडसेटच्या प्रोफाइलवर यावं लागतं आणि दर्जा पडतो. कॉलसाठी लॅपटॉपचा माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर

'अल्सा-इन्फो' ही स्क्रिप्ट (काही डिस्ट्रोंत नावाच्या शेवटी 'डॉट एसएच') कार्ड, कोडेक, मिक्सर आणि ड्रायव्हर यांची सगळी माहिती एका फाइलीत गोळा करते. 'नो-अपलोड' हा पर्याय दिला तर फाइल आपल्याच मशीनवर राहते. पाठवण्याआधी उघडून वाचा. तुमच्या डिस्ट्रोच्या बग नोंदवहीत लिहिताना ती जोडा आणि सोबत चार गोष्टी सांगा: लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, 'यूनेम -आर'चं उत्तर, हेडफोन आणि स्पीकर यांतलं काय चालतं, आणि कुठल्या कर्नलपर्यंत आवाज होता. 'आवाज येत नाही' एवढंच लिहिलेली तक्रार कोणी उघडत नाही. कोडेकचं नाव आणि शेवटचा चालता कर्नल दिलेली तक्रार दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम करते.

पुढे दुरुस्ती असलेला कर्नल आला की 'मॉडप्रोब.डी'मध्ये ठेवलेल्या आपल्या फाइली आधी काढा, रीस्टार्ट करा आणि मगच आवाज तपासा. त्या तशाच राहिल्या तर जुनी सक्ती नव्या कर्नलवरही चालूच राहते आणि दुरुस्ती लागू पडली की नाही ते कळत नाही.